रॅगिंगविरोधी हमीपत्र आणि हेल्पलाइन: फॉर्म कच्चा, फोन पक्का

जुलै-ऑगस्टात कोकणातल्या कुठल्याही सायबर कॅफेत डोकावलं की प्रवेशाच्या कागदांमध्ये एक काम हमखास दिसतं: ‘अँटी रॅगिंगचा फॉर्म’. मुलगा मागे उभा असतो, आई पिशवीतून आधार कार्ड काढून देते, ऑपरेटर भराभर टाइप करतो, हमीच्या इंग्रजी मजकुराखाली टिक मारतो आणि म्हणतो, ‘झालं.’ त्या ‘झालं’मध्येच या सेवेचा निम्मा जीव जातो. कारण हा नुसता फॉर्म नाही. त्याच्यामागे चोवीस तास चालणारा फोन आहे, तक्रार पुढे पोचवण्याची व्यवस्था आहे आणि कॉलेजला पळवाट राहू नये म्हणून घातलेली बंधनं आहेत. हे सगळं मिळून एक सेवा होते, आणि तिचंच हे परीक्षण आहे. लोणेरे, दापोली, रत्नागिरी, ओरोस, मालवण अशा ठिकाणी घर सोडून हॉस्टेलला राहणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना ती कितपत उपयोगी पडते, एवढंच बघायचं आहे.

ही सेवा एका मुलाच्या मृत्यूनंतर उभी राहिली, हे आधी सांगायला हवं. हिमाचल प्रदेशात कांगड्याजवळच्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाला असलेला अमन काचरू सीनियर मुलांच्या मारहाणीनंतर ८ मार्च २००९ रोजी गेला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले आणि जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, रॅगिंगविरोधी नियम आले. महाराष्ट्रात त्याच्याही आधी, १९९९ पासून, रॅगिंगबंदीचा स्वतंत्र कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड ही त्यातली शिक्षा. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजातून काढतात आणि पुढची पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळत नाही. ‘मजा केली हो पोरांनी’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे शेवटचं वाक्य ऐकवावं.

आता फॉर्म. संकेतस्थळ ‘अँटीरॅगिंग डॉट इन’, भरायला पैसे लागत नाहीत. मोबाइलवरही भरता येतो, त्यामुळे दुकानात जायची खरं तर गरज नाही. विद्यार्थ्याची माहिती, पालकांची माहिती, कॉलेजची आणि अभ्यासक्रमाची माहिती असा तो साधारण असतो. गडबड चार ठिकाणी होते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ईमेलची. मुलाकडे ईमेल नसला, किंवा पासवर्ड विसरलेला असला, की ऑपरेटर दुकानाचाच ईमेल टाकतो. कधी मोबाइल नंबरही. फॉर्म भरल्यावर नोंदणी क्रमांकाचं पत्र ईमेलवरच येतं, म्हणजे ते दुकानात जातं आणि मुलाच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून फॉर्मला बसण्याआधी मुलाचा स्वतःचा ईमेल उघडून, पासवर्ड वहीत लिहून, एकदा आत-बाहेर करून बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीलाही उपयोगी पडतं.

दुसरी चूक कॉलेजच्या नावाची. ‘गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक’ पेणला आहे, रत्नागिरीला आहे, मालवणलाही आहे. घाईत भलतंच निवडलं जातं. संलग्नतेचाही गोंधळ असतो: कोकणातली इंजिनिअरिंग कॉलेजं काही मुंबई विद्यापीठाला जोडलेली, काही लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला, मेडिकल, नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. अंदाजाने भरू नये, प्रवेशाच्या पत्रावर छापलेलं असतं ते बघून भरावं.

तिसरी चूक जवळच्या पोलीस ठाण्याची. आपली बरीच कॉलेजं सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गावापासून लांब. पत्ता शहराचा असतो, हद्द वेगळ्याच ठाण्याची. रत्नागिरीतच शहर पोलीस ठाणं वेगळं आणि ग्रामीण वेगळं. कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमनला विचारलं तरी कळतं, ऑफिसात तर कळतंच. हा रकाना नुसता भरतीचा वाटतो, पण पुढे रात्री फोन करायची वेळ आली तर हेच नाव तोंडावर असावं लागतं.

चौथी गोष्ट प्रिंटची. पूर्वी हमीपत्राची प्रिंट काढून, सह्या करून द्यावी लागे. आता सुधारलेल्या पद्धतीत तसं नाही. नोंदणी क्रमांकाचा ईमेल आला की तो कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याच्या, म्हणजे रॅगिंगविरोधी कामासाठी नेमलेल्या माणसाच्या, ईमेलवर फॉरवर्ड करायचा, बास. तरीही काही ऑफिसांत ‘सही केलेला कागद आणा’ म्हणतात. वाद घालत बसू नये, आलेल्या ईमेलचीच प्रिंट द्यावी. पण फॉरवर्ड केल्याशिवाय मात्र राहू नये. आणि हे एकदाच करून सुटका नाही. दर वर्षी, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनीही आणि त्यांच्या पालकांनीही नव्याने भरायचं असतं. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं, आणि खरं म्हणजे हमी घ्यायला हवी ती त्यांचीच.

फॉर्मला पाचपैकी दोन गुण. एवढं महत्त्वाचं हमीपत्र मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला आणि सातवी शिकलेल्या आईला टिक मारण्याआधी समजावून सांगायला दुकानात कोणी बसलेलं नसतं. आपण कशावर सही करतोय हे कळलं नाही, तर ती हमी कसली? म्हणून त्यातला गाभा इथे मराठीत सांगतो.

रॅगिंग म्हणजे फक्त मारहाण असं बहुतेकांना वाटतं. नियमात यादी खूप लांब आहे. बोलून, लिहून किंवा वागून चिडवणं, अपमान करणं, भीती घालणं हे आहेच. पण एखाद्या सीनियरला मिळालेलं अभ्यासाचं काम नव्या मुलाकडून करून घेणं, हेही स्पष्ट शब्दांत रॅगिंग आहे. म्हणजे रात्रभर जागून दुसऱ्याची जर्नल उतरवणं, त्याच्या ड्रॉइंग शीटवर पेन्सिल चालवणं, हे ‘सीनियरचं थोडं काम’ नव्हे. पैसे उकळणं किंवा खर्चाचा बोजा टाकणं हेही रॅगिंगच: पेट्रोल टाक, टपरीवरचा सगळ्यांचा चहा-वडापाव तुझ्याकडे, फ्रेशर्स पार्टीची वर्गणी नाही दिलीस तर बघ. २०१६ च्या सुधारणेने त्यात जात, धर्म, रंग, लिंगभाव, दिसणं, प्रांत, भाषा, राहण्याचं ठिकाण आणि आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला छळही आला. कोकणात हे फार जवळचं आहे. मालवणीत बोलणाऱ्या मुलाला ‘परत बोल, परत बोल’ करून चारजणांत हसणं, संगमेश्वरी हेल काढून दाखवायला लावणं, वाडीच्या नावावरून जात काढणं, हे सगळं या व्याख्येत बसतं. ज्याची बोली आहे त्याला ती त्या रात्री नकोशी होते. मग पुढचे सहा महिने तो वर्गात तोंड उघडत नाही.

‘इंट्रो’ हा शब्द इथे प्रत्येक हॉस्टेलवर आहे. रात्री जेवणानंतर खोलीत बोलावणं, मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, नाव-गाव-मार्क ठरावीक पद्धतीने म्हणणं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. ओळख दोन्ही बाजूंनी होते तेव्हा ती ओळख. एक बसलेला आणि एक उभा, दार लावलेलं, आणि उभ्याला ‘मी जातो’ म्हणायची सोय नाही, ही ओळख नव्हे. आता हेच व्हॉट्सॲपवर गेलं आहे: सीनियरनी जूनियरांना घेऊन केलेला ग्रुप, रात्री बारा वाजता ‘सगळ्यांनी हजेरी लावा’. यूजीसीने २०२५ मध्ये कॉलेजांना अशा ग्रुपांवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

आता सेवेचा सगळ्यात चांगला भाग, फोन. नंबर १८००-१८०-५५२२. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू. ईमेल ‘हेल्पलाइन ॲट अँटीरॅगिंग डॉट इन’. नाव न सांगता तक्रार करता येते. त्रास झालेल्या मुलानेच करायला हवी असंही नाही. मित्र, बहीण, गावातली आई, मुंबईत नोकरीला असलेला बाप, कोणीही करू शकतं. सड्यावरच्या हॉस्टेलला पावसात लाइट गेली की मोबाइलचा टॉवरही जातो, तिथे हे फार कामाचं आहे. मुलाने रेंज मिळेल तेव्हा घरी एक मेसेज टाकायचा आणि फोन घरच्यांनी करायचा.

या फोनचं खरं बळ त्याच्या पुढच्या कामात आहे. नियमानुसार हेल्पलाइनवर आलेली तक्रार एकाच वेळी प्राचार्य, हॉस्टेलचे वॉर्डन, विद्यापीठाचा नोडल अधिकारी आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडे जायला हवी, गरज पडली तर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांकडेही. म्हणजे वॉर्डनने ‘बघतो’ म्हणून विषय दाबला तरी तो फक्त त्याच्या टेबलावर राहत नाही. आणि फोन गेला की दोन घड्याळं चालू होतात. यूजीसीच्या नियमांत गुन्हा घडल्याचं दिसलं तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत प्राचार्यांनी पोलिसांत एफआयआर द्यायची असते. राज्याच्या कायद्यात तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं की विद्यार्थ्याचं निलंबन आणि तक्रार पोलिसांकडे. यात कुचराई केली तर प्राचार्यच गुन्ह्याला साथ दिल्याचे दोषी धरले जाऊ शकतात. तक्रार केल्याची तारीख-वेळ लक्षात ठेवली की पुढचं बोलणं सोपं होतं.

मर्यादाही स्पष्ट सांगतो. ही हेल्पलाइन तुमच्या खोलीपर्यंत कोणाला धावत पाठवू शकत नाही. ती निरोप पोचवते. आत्ता, या क्षणी मारहाण चालू असेल, कोणाला कोंडलं असेल, तर पहिला फोन ११२ ला, मग हेल्पलाइनला. आणि तक्रार जितकी मोघम, तितकी तिची वाट लवकर लागते. ‘सीनियर खूप त्रास देतात’ एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. कॉलेज दोन दिवसांनी ‘चौकशी केली, काही आढळलं नाही’ असं लिहून मोकळं होतं. फोनआधी एका कागदावर असं लिहून घ्यावं:

‘१२ ऑगस्ट, रात्री साडेअकरा ते दोन. मुलांचं हॉस्टेल, बी ब्लॉक, दुसरा मजला, डावीकडची शेवटची खोली. तिसऱ्या वर्षाचे चारजण, दोघांची नावं माहीत, दोघांना हॉस्टेलवर अमुक नावाने हाक मारतात. पहिल्या वर्षाची सात मुलं उभी होती. एकाच्या कानाखाली मारली. १३ तारखेच्या रात्री पुन्हा बोलावलं आहे.’

खाली कॉलेजचं पूर्ण नाव, विद्यापीठ, तालुका, पोलीस ठाणं. फोनवर शब्द शोधत बसायला लागू नये म्हणून हेच हिंदीतही एकदा मनात घोळवून ठेवावं. तक्रारीचा क्रमांक विचारून लिहून घ्यावा. तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नये.

निनावी तक्रारीत एक खाच आहे, ती लहान कॉलेजांत नडते. पहिल्या वर्षाला साठ मुलं, हॉस्टेलवर त्यातली वीस. ‘अमुक खोलीतल्या मुलाला त्रास झाला’ म्हटलं की नाव न सांगताही नाव कळलंच. अशा वेळी त्रास कोणाला झाला यावर भर न देता कुठे आणि किती वाजता होतो यावर भर द्यावा, आणि त्या वेळी रॅगिंगविरोधी पथकाने अचानक यावं अशी मागणी करावी. प्रत्येक कॉलेजला असं पथक नेमावंच लागतं, हॉस्टेलवर न सांगता जाणं हे त्याचं कामच आहे. पथक स्वतः बघून गेलं की तक्रारदार मुलगा बाजूला राहतो.

पुरावा टिकवणं हे मुलाचंच काम. त्रास देणारा ग्रुप रागाने सोडू नका. सोडण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू दे. मार लागला असेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलला त्याच दिवशी जाऊन ‘मारहाण झाली’ असंच सांगा, म्हणजे एमएलसीची, पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते. ‘बाथरूममध्ये घसरलो’ सांगितलंत की ती नोंद कायमची तुमच्याविरुद्ध. आणि माफीनाम्यावर मिटवू नका. आपल्याकडे दोघांचे पालक एकाच तालुक्यातले, कुठून तरी सोयरीक निघते, कोणी तरी मध्ये पडतो आणि ‘पोरांचं आयुष्य आहे, मिटवून टाका’ म्हणतो. पण माफीनामा ऑफिसच्या फायलीत जातो आणि ती मुलं त्याच रात्री त्याच मजल्यावर असतात. तडजोड करायचीच झाली, तरी निदान त्यांचं हॉस्टेल बदलल्याचा लेखी आदेश हातात घ्या.

फोनला पाचपैकी चार. एक गुण कापला तो आकडे सहज दिसत नाहीत म्हणून. अमेरिकेत कॉलेजांच्या ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या मंडळांत नव्या सभासदाला घेताना असेच छळ चालतात, तिथे त्याला ‘हेझिंग’ म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे कायदा झाला, की कॉलेजांनी अशा घटनांचा हिशेब आपल्या वार्षिक अहवालात जाहीर करायचा. इथेही प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी पालकाला कॉलेजचं नाव टाकून किती तक्रारी आल्या, त्यांचं काय झालं, हे एका जागी आणि मराठीत बघता यायला हवं.

तिसरा भाग, स्वागत, हा कॉलेजच्या हातात आहे आणि तिथे गुण कॉलेजागणिक बदलतात. नियम चांगला आहे: सहा नव्या मुलांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी, आणि अशा सहाजणांवर एक वरचा. पहिल्या वर्षाची राहण्याची सोय वेगळी. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी मुलांकडून नाव न घेता माहिती गोळा करायची. इंजिनिअरिंगला एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०१७ पासून तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजात रुळवण्याचा कार्यक्रम, आणला, यूजीसीचा ‘दीक्षारंभ’ २०१९ चा. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी इंडक्शन म्हणजे हॉलमध्ये दिवसभर भाषणं. संध्याकाळी सातला कार्यक्रम संपतो, आणि रॅगिंगची वेळ तर रात्री दहा ते दोन. दिवसाचा कार्यक्रम कितीही छान असला तरी ती चार तासांची पोकळी तशीच राहते. जिथे मार्गदर्शक मुलं जेवणानंतर त्याच मजल्यावर असतात, दारं उघडी असतात आणि वॉर्डन साडेदहाला एक फेरी मारून पुन्हा साडेबाराला मारतो, तिथे इंट्रोला जागाच उरत नाही. दुसरी फेरी महत्त्वाची, कारण पहिली सगळ्यांना माहीत असते.

सीनियरचा धाक कशावर उभा असतो, तेही बघा. नव्या मुलाला मेसचं कार्ड कसं करायचं, गरम पाणी किती वाजता, एसटीचा पास कुठल्या खिडकीवर, कुठल्या सरांना कसली जर्नल लागते, झेरॉक्स कुठे स्वस्त, शिष्यवृत्तीच्या फॉर्मला कुठला दाखला हवा, यातलं काहीच ठाऊक नसतं. सीनियरला ठाऊक असतं. तेवढ्या भांडवलावर ‘आधी इंट्रो, मग सांगतो’ चालतं. या सगळ्याचं उत्तर एका पानावर छापून पहिल्या दिवशी खोलीच्या किल्लीबरोबर द्यावं, आणि त्या पानाच्या मथळ्यावर हेल्पलाइनचा नंबर. खर्च एका झेरॉक्सचा. इतकं साधं काम न करणाऱ्या कॉलेजने लाखाचं इंडक्शन केलं तरी आम्ही त्याला तीनच्या वर गुण देणार नाही.

फ्रेशर्स पार्टी समुद्रावर नको. नव्या मुलांचं स्वागत पावसाळ्यात येतं, तेव्हा जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते आणि पिढीजात मच्छीमारसुद्धा नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात होडी लोटत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये, पावसाळा नसतानाही, रायगडातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर कॉलेजच्या सहलीतली १४ मुलं बुडाली. ‘घाबरतोस काय, चल पाण्यात’ हे नव्या मुलाला नाकारता येत नाही, म्हणून हा प्रश्न सीनियरच्या जबाबदारीचा आहे. कार्यक्रम कॉलेजच्या सभागृहात, दुपारी, शिक्षक हजर, वर्गणी ऐच्छिक आणि हिशेब भिंतीवर.

पालकांसाठी सगळ्यात मोलाची वेळ गणपतीची. प्रवेशानंतर मुलगा पहिल्यांदा निवांत घरी येतो तो तेव्हाच. त्याच्या बॅगेत दुसऱ्याच्या नावाची जर्नल दिसते का, फोन पालथा ठेवून बसतो का, रात्री बारानंतर दचकून मेसेज बघतो का, पैसे नेहमीपेक्षा लवकर संपलेत का, हे आरतीच्या गडबडीतही कळतं. ‘कोणी त्रास देतं का?’ असं थेट विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं. ‘रात्री जेवल्यावर दोन वाजेपर्यंत काय करता रे?’ असं विचारावं. उत्तर अडखळलं, तर विसर्जन होऊन परतीची एसटी पकडण्याआधी, घरातल्या ओसरीवर, रेंज आहे आणि आई शेजारी आहे तेव्हाच, कागद घेऊन १८००-१८०-५५२२ लावावा.